घेवड्याची बुरशी आणि औषधांचा वाद

शेतीतील औषधांचा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात तत्काळ दोन तट उभे राहतात. रासायनिक औषधांवाचून पीक हाती लागणार नाही, असे एका पक्षाचे म्हणणे असते. तर ही औषधे म्हणजे अन्नात कालवलेले विषच होय, ती सोडून निसर्गाकडे वळले पाहिजे, असा दुसऱ्या पक्षाचा आग्रह असतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे आणि दोन्ही पक्ष आपापल्या तथ्यांशाला संपूर्ण सत्य समजून चालतात, हीच या वादातील मोठी अडचण आहे. हा वाद तत्त्वाच्या पातळीवर लढवीत बसण्यापेक्षा एखाद्या पिकाच्या कसोटीवर घासून पाहिला, तर त्यातील बराचसा धुरळा खाली बसेल. अशा कसोटीसाठी घेवड्यासारखे दुसरे पीक सापडणे कठीण.

सातारा, पुणे, नाशिक या जिल्ह्यांत घेवडा हे लहान शेतकऱ्याचे पीक आहे. त्याची कोवळी शेंग श्रावणघेवडा म्हणून मंडईत येते आणि वाळलेला दाणा राजमा म्हणून वाण्याच्या दुकानात जातो. कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दाण्यावरील तांबूस पट्ट्यांमुळे ज्याला हे नाव पडले, तो हा घेवडा. ऊस वा द्राक्षाप्रमाणे या पिकामागे साखर कारखाना नाही, बागाईतदारांचा प्रबळ संघ नाही. पीक अवघ्या दोन-अडीच महिन्यांचे. त्यामुळे पैसा लवकर हाती येतो, पण रोगाची लाट आली तर सावरण्यास अवधीही मिळत नाही. अर्ध्या एकरातील शेंग डागाळली तर त्या शेतकऱ्याचा हंगामच बुडतो. औषधाचा प्रश्न त्याच्या दृष्टीने तत्त्वचर्चेचा उरत नाही, तो घरखर्चाचा होतो.

घेवड्याचे शत्रू एकजात नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. तांबेऱ्याची बुरशी पानाच्या रंध्रांतून आत शिरते आणि दहा-पंधरा दिवसांत तपकिरी भुकटीच्या रूपाने लक्षावधी बीजाणू बाहेर टाकते. वाऱ्याबरोबर ते शेजारच्या शेतात पोचतात. करप्याची बुरशी मुख्यतः बियाण्यातून येते. थंड, दमट हवा आणि पावसाचे शिंतोडे यांवर ती पोसते आणि शेंगेवर खोलगट काळपट डाग पाडते. भुरीचे याहून निराळे. तिला पानावर पाणी साचावे लागत नाही. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा एवढ्यावर तिचे भागते. मूळकूज आणि मर यांच्या बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून बसतात आणि निचरा नसलेल्या वाफ्यात डोके वर काढतात. एक शत्रू बियाण्यात, दुसरा वाऱ्यात, तिसरा मातीत. आणि या सर्वांवर एकच रामबाण उपाय शोधला जातो! मग तो दुकानातील पुडीत शोधला काय किंवा गोठ्यातील पिंपात शोधला काय, चूक एकाच जातीची असते.

बुरशीनाशकांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. फ्रान्समधील मेदोक परगण्यात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शिंपडण्याची रीत होती. येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षे तोडू नयेत, एवढाच तिचा हेतू. नेमक्या त्याच वेली केवड्यापासून बचावल्या आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या १८८२ साली लक्षात आले. त्यांनी त्याचा अभ्यास केला, १८८५ साली तो प्रसिद्ध केला आणि बोर्डो मिश्रण जगभर गेले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण महाराष्ट्रातील बागाईतदाराला आजही तोंडपाठ असते. विसाव्या शतकाच्या मध्यास मँकोझेबसारखी संश्लेषित औषधे आली. तीही बोर्डोप्रमाणे पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणूला रुजू न देणारी होती. त्यानंतर साठीच्या दशकाच्या अखेरीस बेनोमिल, कार्बेन्डाझिम या कुळातील आंतरप्रवाही औषधांचा उदय झाला. वनस्पतीच्या अंतरंगात भिनून, आत शिरलेल्या बुरशीलाही गाठणारे हे औषध शेतकऱ्याला चमत्कारासारखे वाटले, यात नवल नाही.

परंतु चमत्काराची किंमत लवकरच चुकवावी लागली. मँकोझेब बुरशीच्या पेशीतील अनेक प्रक्रियांवर एकाच वेळी आघात करते. म्हणून साठ वर्षांच्या वापरानंतरही त्याला दाद न देणारी बुरशी क्वचितच आढळते. उलट, कार्बेन्डाझिमच्या कुळाचा आघात पेशीतील एकाच प्रथिनावर होतो. त्या प्रथिनात किंचित बदल झाला की औषध निष्प्रभ ठरते. ही औषधे बाजारात येऊन दोन-चार वर्षे झाली नाहीत तोच त्यांना न जुमानणाऱ्या बुरशींच्या नोंदी होऊ लागल्या. त्यावर शेतकऱ्याने काय केले? मात्रा वाढविली आणि फवारण्या वाढविल्या. म्हणजे ज्या उपायाने बुरशी अधिक निर्ढावते, नेमका तोच केला. यात त्याचा दोष थोडा आणि त्याला सल्ला देणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे. खेड्यात रोगाचे निदान बहुधा औषध विकणाराच करतो आणि उधारीही तोच देतो. वैद्य आणि औषधविक्रेता एकच असला म्हणजे पुडी कमी जावी अशी अपेक्षा कोणी करावी?

मँकोझेबची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच्या विघटनातून एथिलीन थायोयुरिया नावाचे द्रव्य तयार होते आणि ते गलग्रंथीला अपायकारक ठरते. शेंग धुतल्याने पृष्ठभागावरील औषध काही अंशी जाते. पण जे उरते त्याचे शिजवताना याच द्रव्यात रूपांतर होऊ शकते. प्रजननावरील अनिष्ट परिणाम आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात होणारा व्यत्यय यांच्या आधारे युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरात मँकोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. क्लोरोथॅलोनिलची मान्यता तेथे २०१९ सालीच नाकारण्यात आली होती आणि कार्बेन्डाझिमची त्याआधी, २०१४ साली संपली होती. भारतात मे २०२० मध्ये केंद्र शासनाने सत्तावीस औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात मँकोझेब, कार्बेन्डाझिम, कॅप्टन, थायरम, झायनेब, झायरम अशी बुरशीनाशकांची लांबलचक यादीच होती. हरकती आल्या, समित्या बसल्या आणि २०२३ साली निघालेल्या अंतिम आदेशाने बंदी घातली ती चार औषधांवर. त्यांत बुरशीनाशक एकच, भुरीवरील डिनोकॅप. यादी सत्तावीसवरून चारवर आली ती कोणत्या शास्त्रीय पुराव्याच्या बळावर, हे सामान्य शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगितले नाही. औषध घातक असेल तर ते तीन वर्षे विकले का गेले, आणि घातक नसेल तर त्याचे नाव मसुद्यात आलेच कसे? दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले आणि औषधविषयक धोरणावरील विश्वास तेवढा उणा झाला.

मात्र घेवड्याच्या बाबतीत खरी गोम बंदीच्या यादीत नाही, ती तोडणीच्या वेळापत्रकात आहे. श्रावणघेवड्याची पहिली तोडणी पेरणीनंतर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी होते आणि पुढे दर दोन-चार दिवसांनी तोडणी चालू राहते. तांबेरा आणि भुरी यांचा जोर नेमका फुलोऱ्याच्या सुमारास आणि त्यानंतर असतो. आंतरप्रवाही औषध फवारल्यावर शेंग किती दिवस तोडू नये, याचा काळ ठरलेला असतो. पुष्कळ औषधांच्या बाबतीत तो आठवड्यापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत जातो. आता सोमवारी फवारणी केलेल्या शेतकऱ्याने गुरुवारची तोडणी थांबवावी, अशी अपेक्षा कागदावर ठीक आहे. पण तीन-चार दिवस थांबले की शेंग जून होते, तिला धागे सुटतात, मंडईत तिला कोणी विचारीत नाही. म्हणजे नियम पाळावा तर माल जातो आणि माल वाचवावा तर नियम जातो. अशा कोंडीत सापडलेला माणूस काय करील, हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको. गुरुवारची शेंग गुरुवारीच तुटते आणि शुक्रवारी शहरातील स्वयंपाकघरात पोचते.

वाळलेल्या दाण्यासाठी घेतलेल्या वाघ्या घेवड्याचे गणित वेगळे आहे. तेथे काढणी एकदाच, तीही पीक पूर्ण पिकल्यावर होते. फुलोऱ्यातील फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये पुरेसा काळ जातो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. औषध रासायनिक आहे की नैसर्गिक, एवढ्यानेच त्याची योग्यायोग्यता ठरत नाही. ते कोणत्या मालावर, पिकाच्या कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या रोगासाठी वापरले, यावर ती ठरते. फुलोऱ्यापूर्वी तांबेऱ्याची पहिली पुळी दिसताच केलेली एक नेमकी फवारणी समर्थनीय ठरेल. तेच औषध तोडणी चालू असताना मारणे अक्षम्य होय. हिरव्या शेंगेच्या पिकात फुलोऱ्यानंतरचा काळ हाच नैसर्गिक आणि जैविक उपायांचा खरा प्रांत आहे.

या उपायांचे सामर्थ्य कोठवर जाते, हेही डोळसपणे पाहिले पाहिजे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मूळकुजीच्या बुरशीवर जगते, तिची जागा आणि अन्न बळकावते. बियाण्याला चोळल्यास अथवा चांगल्या कुजलेल्या शेणखतात वाढवून जमिनीत मिसळल्यास ती रोपाला सुरुवातीच्या नाजूक काळात संरक्षण देते. भुरीवर गंधक हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. कडक उन्हात त्याने पाने करपतात, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. ताकाच्या फवारणीची खेड्यातील रीत कित्येकांना अडाणीपणाची वाटते. पण ब्राझीलमधील संशोधक बेतिओल यांनी १९९९ साली झुकिनी या भोपळ्याच्या भाईबंदावर पाणी मिसळलेले दूध फवारून भुरी आटोक्यात येते असे दाखवून दिले आणि पुढे इतर देशांतही त्यावर प्रयोग झाले. लोकांच्या अनुभवात शास्त्राचे बीज असू शकते, ते असे. परंतु दुधाने भुरी हटते म्हणून तांबेराही हटेल, असा तर्क चालवणे फोल आहे. भुरीची बुरशी पानाच्या वर पसरते. तांबेऱ्याची पानाच्या आत असते. ट्रायकोडर्माही मातीतील लढाई जिंकील, पानावरील तांबेऱ्यापुढे तिचे फारसे चालणार नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाभोवती पावित्र्याचे जे वलय आहे, तेही तपासून घ्यावयास हवे. सेंद्रिय शेतीत मान्य असलेले बोर्डो मिश्रण म्हणजे अखेर तांबेच. तांबे हा जड धातू आहे, त्याचे विघटन होत नाही. वर्षानुवर्षे फवारलेले तांबे जमिनीत साठून गांडुळांना आणि उपयुक्त सूक्ष्मजीवांना बाधते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलो अशी मर्यादा घातली आणि ती सेंद्रिय शेतकऱ्यालाही लागू केली. दुसरी अडचण प्रतीची आहे. ट्रायकोडर्मा जिवंत असते, आणि जिवंत माल दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापला तर पुडीत उरते ती निव्वळ भुकटी. भारतीय मानकाप्रमाणे दर ग्रॅममध्ये तिचे किमान वीस लाख जिवंत घटक असले पाहिजेत. पण ते मोजून पाहण्याची सोय शेतकऱ्यापाशी नाही. त्यातच एखादा शेतकरी ‘दुहेरी संरक्षण’ म्हणून तेच बियाणे आधी कार्बेन्डाझिमने माखतो आणि मग त्यावर ट्रायकोडर्मा चोळतो. कार्बेन्डाझिमला मित्र-शत्रू कळत नाही. ते ट्रायकोडर्मालाही मारते. दोन्ही औषधांचे पैसे जातात आणि जैविक उपाय कुचकामी असल्याचा ग्रह मात्र कायम होतो.

एका फटकाऱ्यात रसायने हद्दपार करण्याचा प्रयोग शेजारी श्रीलंकेत होऊन गेला आहे. २०२१ च्या पूर्वार्धात तेथील शासनाने रासायनिक खते आणि कृषिरसायने यांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. पर्यायी खत नाही, पुरेशी जैविक औषधे नाहीत, शेतकऱ्याचे प्रशिक्षण नाही, अशा स्थितीत हा हुकूम निघाला. भाताचे उत्पादन घसरले, चहाचे मळे अडचणीत आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. श्रीलंकेच्या आर्थिक अरिष्टाला अन्यही कारणे होती, हे खरे. पण उदात्त हेतूला पूर्वतयारीची जोड नसेल तर तो हेतूच बदनाम होतो, हा धडा त्यातून घेतला पाहिजे. याउलट, औषधांच्या अनिर्बंध वापराची किंमत महाराष्ट्राने यवतमाळ जिल्ह्यात मोजली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधे बुरशीनाशके नव्हती. पण पाठीवर पंप, तोंडाला फडके आणि अनेक औषधांचे मनमानी मिश्रण हे दृश्य घेवड्याच्या वाफ्यातही अनोळखी नाही.

मग मार्ग कोणता? तो शोधण्यासाठी दूर जावयास नको. महाराष्ट्राच्या द्राक्षबागांकडे पाहावे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले, माल अडकला आणि बागाईतदारांचे अतोनात नुकसान झाले. त्या तडाख्यानंतर अवशेष-तपासणीची व्यवस्था अधिक कडक झाली. कोणते औषध चालेल, काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, याची यादी पुण्याचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रसिद्ध करीत आले आहे. निर्यातीसाठी बागांची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात. म्हणजे इच्छा असली तर हे सर्व याच राज्यात, याच शेतकऱ्यांकडून होऊ शकते. फरक इतकाच की द्राक्ष परदेशी ग्राहकाच्या ताटात जाते आणि घेवडा इथल्या ग्राहकाच्या. परदेशी मुलाच्या आरोग्याची जेवढी काळजी या व्यवस्थेने घेतली, तेवढी कोरेगावच्या वा दादरच्या मुलाची घेऊ नये काय?

या दिशेने काही गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट निरोगी बियाण्याची. करपा बियाण्यातून येतो. तेव्हा तो रोखण्याची सर्वांत स्वस्त जागाही बियाणे हीच आहे. अमेरिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घेवड्याचे बीजोत्पादन आयडाहोसारख्या कोरड्या, पाटपाण्याच्या पश्चिम भागात नेले आणि या रोगाचा जोर मोडला. महाराष्ट्राला कोरड्या प्रदेशाची वाण नाही. रब्बी हंगामात, पाऊस आणि धुके नसलेल्या भागांत वाघ्या घेवड्याचे बीजोत्पादन महाबीज आणि कृषिविद्यापीठे यांनी हाती घेतले, तर फवारणीची एक फेरी जन्मालाच येणार नाही. दुसरी गोष्ट प्रतिकारक वाणांची. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा या दोहोंना तोंड देणारा अर्का अनूप हा वाण दिलेला आहे. असे वाण खेडोपाडी पोचविणे आणि वाघ्यासारख्या देशी वाणांत हा प्रतिकार आणणे, ही सार्वजनिक संशोधनाचीच जबाबदारी आहे. औषध विकणाऱ्याला त्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी पीकवार होते. मोठ्या पिकांसाठी कंपन्या खर्च करून चाचण्या घेतात. घेवड्यासारख्या लहान पिकासाठी तो खर्च त्यांना परवडत नाही. परिणामी या पिकासाठी अधिकृतपणे शिफारस केलेली औषधे मोजकी राहतात आणि शेतकरी दुसऱ्या पिकाचे औषध अंदाजाने वापरतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे, ज्या औषधाची त्या पिकासाठी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अवशेष किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. अज्ञानाने अपराधी ठरणारा हा वर्ग शासनानेच निर्माण केला आहे. शेंगवर्गीय भाज्यांचा एक गट कल्पून, कमी प्रतीक्षाकाळाच्या आणि जैविक औषधांच्या चाचण्या सरकारी खर्चाने घेतल्याखेरीज ही कोंडी फुटणार नाही. चौथी गोष्ट तपासणीची. मोठ्या बाजारसमित्यांत येणाऱ्या भाजीचे नमुने नियमितपणे तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि जैविक औषधांच्या पुड्याही त्याच काटेकोरपणे तपासल्या जाव्यात. दंडाचा पहिला बडगा मात्र अर्ध्या एकराच्या धन्यावर न पडता, बनावट माल विकणाऱ्यावर पडला पाहिजे.

याखेरीज ज्यांना पैसा लागत नाही अशी पथ्ये आहेतच. एकाच जमिनीत दोन-तीन वर्षे पुन्हा घेवडा न घेणे, रोगट पाला शेतात न ठेवणे, दोन ओळींत वारा खेळेल एवढे अंतर राखणे, पाने भिजविणाऱ्या तुषार सिंचनाऐवजी ठिबकने पाणी देणे, दवाने वा पावसाने झाडे ओली असताना शेतात न फिरणे. यांतील बहुतेक गोष्टी मागच्या पिढीतील शेतकऱ्याला ठाऊक होत्या. औषधाची पुडी स्वस्त आणि सुलभ झाली, तशी ती पथ्ये विस्मरणात गेली. औषध हे पथ्याला पूरक असते, पर्याय नव्हे, ही गोष्ट माणसाच्या आजाराइतकीच पिकाच्या आजारालाही लागू आहे.

रासायनिक आणि नैसर्गिक असा भेद करून एका बाजूला विष आणि दुसऱ्या बाजूला अमृत ठेवणे सोपे आहे. त्याने सभा गाजतात, शेंगेवरचा डाग मात्र जात नाही. तांबेरा दिसलेल्या सकाळी शेतकऱ्याला रोग ओळखणारा जाणकार, भेसळ नसलेले औषध, थांबण्याचे दिवस स्पष्टपणे सांगणारी चिठ्ठी आणि थांबल्याने बुडणाऱ्या तोडणीचा काही आधार हवा असतो. या चार गोष्टी त्याच्या बांधापर्यंत पोचविण्याचे काम शासनाचे, विद्यापीठांचे आणि बाजारसमित्यांचे आहे. ते होत नाही तोवर गुरुवारची शेंग गुरुवारीच तुटत राहील, आणि तिच्याबरोबर काय शिजते आहे, हे ती शिजविणाऱ्यालाही कळणार नाही.